पुण्याला खासदार नव्हता तेव्हा टीव्हीवर काय चालू होतं

२९ मार्च २०२३ रोजी खासदार गिरीश बापट वारले आणि लोकसभेतली पुण्याची जागा रिकामी झाली. ती भरली ४ जून २०२४ला, थेट सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी. मधले चौदा महिने या शहराला खासदार नव्हता. त्याच काळात महापालिकेत नगरसेवकही नव्हते. २०१७ साली निवडून आलेल्या १६२ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२च्या मध्याला संपली आणि पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. म्हणजे दिल्लीत आपलं कोणी नाही, महापालिकेत कोणी नाही, मध्ये काय ते आमदार. आणि या सगळ्या काळात रोज रात्री टीव्हीवर देशाच्या राजकारणावर तास-तास चर्चा चालू होत्या. त्या चर्चांमध्ये हा विषय किती वेळा आला, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

माझा संताप नेमका इथे आहे. 'सगळे राजकारणी सारखेच' असं म्हणून चहाचा कप खाली ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. राजकारणात काय घडलं याची नोंद होते, ती छापली जाते, कुणालाही वाचता येते. पण त्या नोंदीपर्यंत आपण पोचूच नये अशी रचना बातम्यांच्या धंद्याने करून ठेवली आहे, आणि राज्यकर्त्यांना ती सोयीची आहे.

पुण्याचंच प्रकरण नीट बघू. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१, कलम १५१अ. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. अपवाद दोनच. एक, सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर. दोन, ठरलेल्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ला संपत होती. २९ मार्च २०२३पासून मोजलं तर एक वर्ष आणि अडीच महिने उरतात, म्हणजे पहिला अपवाद लागूच होत नाही. उरला दुसरा. आयोगाने कारण दिलं की यंत्रणा इतर निवडणुकांत आणि २०२४च्या तयारीत गुंतलेली आहे, आणि निवडून येणाऱ्याला काळही थोडाच मिळेल. १३ डिसेंबर २०२३ला मुंबई उच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं आणि पोटनिवडणूक ताबडतोब घ्या असं सांगितलं. ८ जानेवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, कारण तोवर सार्वत्रिक निवडणूक दाराशी आली होती. सहा महिन्यांची मुदत सप्टेंबर २०२३मध्येच संपून गेली होती. वेळकाढूपणा झाला आणि मग वेळ उरला नाही हेच कारण झालं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ला गेल्या, चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप ३ जानेवारी २०२३ला. कसबा पेठ आणि चिंचवड या दोन्ही विधानसभा पोटनिवडणुकांचं मतदान २६ फेब्रुवारी २०२३ला झालंसुद्धा. सव्वादोन महिन्यांच्या आत. कसब्याच्या गल्लीबोळांत ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, उभ्या होत्या, रोड शो थेट दाखवले जात होते, निकालाचं विश्लेषण आठवडाभर पुरलं. जिथे लढत दिसते तिथे कॅमेरा जातो. निवडणूक न घेणं ही घटना कॅमेऱ्यात मावत नाही. तिला मिरवणूक नसते, घोषणा नसतात, हारतुरे नसतात. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ला गेले, त्यांचीही जागा तशीच राहिली.

हे केवळ तत्त्वाचं दुखणं नाही. पुण्याची जागा रिकामी असताना संसदेत काय-काय झालं? ऑगस्ट २०२३मध्ये अविश्वास ठराव आला आणि व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली. डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम या तिन्हींच्या जागी नवे कायदे आले, आणि ते मंजूर होण्याच्या त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले. पोलीस चौकीत आज ज्या कलमांखाली गुन्हा नोंदवला जातो ती कलमं ठरताना लोकसभेत पुण्याचं एकही मत नव्हतं, बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही.

महापालिकेचंही तसंच. घटनेच्या कलम २४३यू प्रमाणे महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, ६ मे २०२५ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, त्यालाही पुढची मुदतवाढ लागली. तोवर आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणार तेच, मंजूर करणार तेच, स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. २०२५-२६चं साडेबारा हजार कोटींहून मोठं अंदाजपत्रक असं मंजूर झालं. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी याच्या बातम्या दिल्या, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण आतल्या पानावर, खड्डे आणि पाणीकपातीच्या शेजारी.

मग टीव्हीवर दिवसभर काय चालतं? महाराष्ट्रातला एक सर्वसाधारण दिवस घ्या. सकाळी साडेनऊ-दहाला एका पक्षाचा नेता घराबाहेर येतो. समोर वाहिन्यांचे दहा-बारा बूम, म्हणजे माइक. तो वीस मिनिटं बोलतो. वाहिनीच्या डेस्कवर, म्हणजे संपादन कक्षात, त्यातली पंधरा सेकंदं कापली जातात, ज्यात कुणाचं तरी नाव आणि त्याला दिलेली शिवी किंवा शिवीच्या अलीकडचा शब्द असतो. अकरापर्यंत ती क्लिप सगळीकडे. दुपारी विरुद्ध पक्षाचा नेता कुठल्यातरी उद्घाटनाला आलेला असतो, त्याला तिथेच गाठून विचारतात, 'ते असं म्हणाले, तुमची प्रतिक्रिया?' तो बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं, देतो. संध्याकाळी तिसऱ्याची प्रतिक्रिया. रात्री या तिघांचे प्रवक्ते खिडक्यांमध्ये बसवले की कार्यक्रम तयार. या साखळीत वार्ताहराला एकही कागद वाचावा लागत नाही, एकही फोन करून माहिती पडताळावी लागत नाही. वार्ताहर वाईट असतात असं नाही. जिल्ह्यातले अनेक स्ट्रिंगर बातमीमागे पैसे मिळतात त्यावर जगतात, आणि डेस्क त्यांच्याकडून बाइटच मागतं. मागणीच तशी आहे.

एक तपासणी लगेच करता येते. पडद्याखालच्या पट्टीत किंवा मथळ्यात घणाघात, हल्लाबोल, पलटवार, टोला, खळबळ यांपैकी शब्द असेल आणि एकही तारीख, रक्कम, कलम, आदेश किंवा आकडा नसेल, तर ती बातमी सोडून द्या. काहीही चुकत नाही. 'सूत्रांची माहिती' असेल तर कुठल्या खात्याची सूत्रं ते लिहिलंय का बघा. 'मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी' याला निदान पत्ता आहे, नुसत्या सूत्रांना तोही नाही. आणि 'हालचालींना वेग', 'शक्यता', 'संकेत' हे शब्द आले की अजून काहीही घडलेलं नाही.

रात्रीच्या चर्चेचं गणितही मांडून बघा. कार्यक्रम ६० मिनिटांचा. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती. उरली ४८. अँकरची प्रस्तावना, मधले प्रश्न आणि दरडावणं याला १२ मिनिटं धरा, ती कमीच आहेत. राहिली ३६. आठ पाहुणे. प्रत्येकाला साडेचार मिनिटं, तीही तुकड्या-तुकड्यांत आणि दुसऱ्याचा माइक चालू असताना. कलम १५१अ मधला दुसरा अपवाद एवढ्या वेळात कुणीही समजावून सांगू शकत नाही, भले तो घटनातज्ज्ञ असो. म्हणून घटनातज्ज्ञाला बोलावलं जात नाही, बोलावलं तर बोलू दिलं जात नाही. दुसरीकडे खर्च बघा. एका वार्ताहराला, एका कॅमेरामनला चार दिवस जुन्नरला पाठवायचं तर गाडी, मुक्काम, आणि शेवटी हाती येणार चार मिनिटांचा रिपोर्ट. प्रवक्ते घरबसल्या व्हिडिओ कॉलवर येतात आणि पूर्ण तास भरतो.

बरं, हे सगळं लोकांना हवं असतं म्हणून चालतं, असं सांगितलं जातं. ते टीआरपीवरून, म्हणजे कुठली वाहिनी किती बघितली जाते त्या आकड्यांवरून. मोजणी करते बार्क ही संस्था. २०२०च्या सुमारास देशात टीव्ही असलेली सुमारे २१ कोटी घरं होती आणि काय बघितलं ते नोंदवणारं मीटर बसवलेली घरं होती सुमारे ४४ हजार. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक मीटर. मनोरंजनाच्या मोठ्या वाहिन्यांना हा नमुना पुरतो. बातम्यांचा प्रेक्षकच मुळात थोडा, त्यात इंग्रजी बातम्यांचा तर अगदीच चिमूटभर. तिथे काही मोजक्या घरांनी वाहिनी बदलली तरी क्रमवारी हलते. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केल्यावर बातम्यांचे आकडे बंद झाले, ते मार्च २०२२मध्ये चार आठवड्यांच्या सरासरीने पुन्हा सुरू झाले. मधल्या दीड वर्षात आकडेच नव्हते, तरी आरडाओरडा कमी झाला नाही. माझ्या मते याचं कारण असं की तोवर त्याच क्लिपा यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या होत्या. भांडणाची दीड मिनिटाची क्लिप फिरते, अंदाजपत्रकाची फिरत नाही. शिवाय लँडिंग पेजचा प्रकार आहेच. सेट टॉप बॉक्स सुरू केला की जी वाहिनी आपोआप उघडते ती आपण निवडलेली नसते. त्या जागेचे पैसे वाहिनीने केबलवाल्याला मोजलेले असतात. तुमच्या बॉक्सवर तसं होत असेल तर सेटिंगमध्ये 'शेवटची पाहिलेली वाहिनी' असा पर्याय आहे का बघा. पुष्कळ बॉक्सवर तो दिलेला नसतो.

आता मूळ नोंदीकडे. यातच खरी मेहनत आहे आणि खरा फायदाही.

महिला आरक्षणाचं उदाहरण घ्या. २० सप्टेंबर २०२३ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी विधेयक मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. मथळे होते 'महिलांना ३३ टक्के आरक्षण'. विधेयक अवघं काही पानांचं होतं. त्यातच नवं कलम ३३४अ होतं आणि त्यात लिहिलं होतं की कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर मतदारसंघांची पुनर्रचना होईल आणि त्यानंतर आरक्षण अमलात येईल. म्हणजे २०२४च्या निवडणुकीत ते लागू होणार नव्हतं, हे त्याच दिवशी, त्याच कागदावर स्पष्ट होतं. एवढी पानं वाचायला वीस मिनिटं लागतात. चर्चा मात्र श्रेय कुणाचं यावर रंगल्या.

विधेयक वाचायची एक पद्धत आहे. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी शेवटी जोडलेलं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' वाचा, त्यात सरकार काय म्हणतंय ते कळतं. मग वित्तीय ज्ञापन, म्हणजे पैसा कुठून येणार. मग वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचं ज्ञापन. हे शेवटचं कुणीच वाचत नाही आणि तेच सर्वांत महत्त्वाचं, कारण कुठल्या गोष्टी संसदेने न ठरवता सरकारने नंतर नियमांनी ठरवायच्या याची यादी तिथे असते. त्यानंतर पहिल्या कलमात 'राजपत्रात अधिसूचित करील त्या दिनांकापासून' असं लिहिलंय का बघा. तसं असेल तर मंजूर झालेला कायदा अजून लागू झालेला नाही. राजपत्र ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. विधेयक संसदीय समितीकडे गेलं होतं का, हेही बघायला हवं. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या नोंदीप्रमाणे पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. समितीत पक्षाचे प्रवक्ते नसतात, कॅमेरे नसतात, तज्ज्ञ साक्ष देतात आणि खासदार पक्ष विसरून प्रश्न विचारतात. तो टप्पाच गळाला की उरते सभागृहातली घोषणाबाजी, आणि वाहिन्यांना तीच हवी असते. मार्च २०२३मध्ये सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या सगळ्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेत गदारोळात चर्चेविना मंजूर झाल्या. त्या रात्री गदारोळ दाखवला गेला. मागण्या कुठल्या होत्या ते नाही.

संसदेतले प्रश्न हा दुसरा खजिना. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा निवडायची, 'प्रश्न' या भागात जायचं, मंत्रालय किंवा सदस्याचं नाव टाकायचं. उत्तराची पीडीएफ मिळते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न घेतात, आणि २३०पर्यंत अतारांकित, ज्यांची उत्तरं लेखी येतात. आकडे सापडतात ते बहुधा अतारांकित प्रश्नांत, उत्तराच्या खाली जोडलेल्या परिशिष्टात. नुसता पहिला परिच्छेद वाचून थांबू नका, 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असं उत्तर असेल तर तो प्रश्न क्रमांक लिहून ठेवा, कारण ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला वेगळी समिती असते. पुणे-नाशिक रेल्वे का रखडली यावर कितीतरी आरोप-प्रत्यारोप झाले, पण खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे मार्ग बदलावा लागणार हे कारण रेल्वेमंत्र्यांनीच सांगितलेलं आहे.

पुणेकरांनी शोधताना एक लक्षात ठेवावं. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ जून २०२४पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यामुळे त्यांच्या नावावर प्रश्न शोधलेत तर काही सापडणार नाही आणि त्यावरून त्यांना दोष देणंही चूक. पुणे जिल्ह्याचे प्रश्न बारामती, शिरूर, मावळच्या खासदारांच्या नावाने आणि राज्यसभेत मेधा कुलकर्णींच्या नावाने शोधा.

प्रश्न विचारून घेताही येतो. खासदाराला पत्र लिहायचं, पण 'याकडे लक्ष द्यावे' असं नाही. थेट प्रश्नाचा मसुदा द्यायचा. १५० शब्दांच्या आत, एकच विषय, मत न विचारता माहिती विचारणारा, न्यायालयात चालू असलेल्या बाबीवर नसलेला. उदाहरणार्थ: 'विधी व न्याय मंत्री सांगतील काय, (अ) २०१९नंतर रिक्त झालेल्या लोकसभेच्या किती जागांवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक झाली नाही, (आ) त्यांपैकी प्रत्येक जागेबाबत कलम १५१अ खाली निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी कोणत्या दिनांकास विचारविनिमय केला, (इ) त्याचा तपशील काय?' खासदाराला किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, म्हणून पत्र अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी पोचायला हवं. पत्रं बहुतेक वेळा वाया जातात ती दोन कारणांनी: एका पत्रात सात विषय, किंवा अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवलेलं पत्र.

तक्रारीचाही मार्ग आहे. तो दुबळा आहे हे खरं. वृत्तवाहिन्यांच्या एका मोठ्या स्वयंनियमन मंडळाचा जास्तीत जास्त दंड २०२३मध्ये एक लाख रुपये होता, आणि ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही रक्कम निष्प्रभ असल्याचं बोलून दाखवलं. तरीही फेब्रुवारी २०२४मध्ये अशाच तक्रारींवरून काही वाहिन्यांना दंड झाले आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ काढून टाकावे लागले. वाहिनीला दंडापेक्षा व्हिडिओ काढणं जास्त झोंबतं.

क्रम असा. आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत. त्यात वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ, अँकरचं नाव, आक्षेपार्ह वाक्य जसंच्या तसं आणि ते किती मिनिट-सेकंदाला आलं ते लिहा. पट्टीवरच्या मजकुराचा स्क्रीनशॉट जोडा. व्हिडिओ आधी उतरवून ठेवा, तक्रार गेल्यावर तो यूट्यूबवरून नाहीसा होतो किंवा कापला जातो. २०२१च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यायला हवं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या दोन आठवड्यांच्या आत मंडळाकडे जा. सगळ्या वाहिन्या एकाच मंडळाच्या सदस्य नाहीत, त्यामुळे ती वाहिनी कुठल्या मंडळात आहे हे तिच्या संकेतस्थळावर आधी बघा. थेट मंडळाला लिहिलेली तक्रार परत येते. 'वाहिनी पक्षपाती आहे' अशी तक्रार फेटाळली जाते, ते बरोबरही आहे. 'अमुक आरोप आरोपीचं म्हणणं न घेता सिद्ध झाल्यासारखा मांडला' ही टिकते. एका तक्रारीत एकच कार्यक्रम घ्या.

वर्तमानपत्रासाठी भारतीय प्रेस परिषद. आधी संपादकांना पत्र, त्याची प्रत आणि पोच जपायची. मग दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत परिषदेकडे तक्रार, मूळ कात्रणासह, आणि या प्रकरणी न्यायालयात खटला चालू नाही अशा घोषणेसह. मराठी कात्रणाचं इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर सोबत द्या. परिषदेला दंड करता येत नाही, ती ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते आणि चौकशीचा तपशील त्याच वर्तमानपत्रात छापायला लावू शकते. टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे वाहिनीविरुद्धची तक्रार तिकडे पाठवून सात दिवसांची मुदत घालवू नका.